सहावं नाक

आमच्या आ-छिंगनं लसूण सोडला तेव्हाच मला कळायला हवं होतं की पोरगी हातातून चालली. आमचं गावच लसणाचं. अंगणात सुकायला टांगलेल्या लसणाच्या जुड्यांमागे लपाछपी खेळत वाढलेली ही मुलगी, आणि एक दिवस ताइचुंग शहरातून फोन करून मला सांगते, "आत्या, लसूण पाठवू नकोस. मला चालत नाही."

"का? मठात जाऊन मुंडण करतेस की काय?" मी विचारलं.

"नोकरीचा नियम आहे," ती म्हणाली. हसली नाही. पूर्वी हसायची.

नियम खरा होता. आ-छिंग पर्यावरणाची इंजिनिअर. पाणी, हवा, सांडपाणी, कचरा हे सगळं ती कॉलेजात शिकली आणि पुढे एका तपासणी करणाऱ्या कंपनीत लागली. तिथे तिला वासाच्या विभागात घेतलं. मी म्हटलं, वासाचं यंत्र असेल. ती म्हणाली, यंत्रावर कुणाचा विश्वास नाही, वासाला माणसाचंच नाक लागतं. परीक्षा देऊन पास झालेली सहा माणसं एका खोलीत बसवतात. प्रत्येकापुढे तीन पिशव्या. दोन पिशव्यांत स्वच्छ हवा आणि एकीत कुठूनतरी भरून आणलेला दुर्गंध, तोही थोडासा, स्वच्छ हवेत मिसळून. वासाची पिशवी कुठली ते बोटानं दाखवायचं. मग तो वास आणखी पातळ करतात, मग आणखी. किती पातळ केल्यावर नाकं हरतात त्यावरून सरकारी आकडा निघतो. म्हणून लसूण नको, कॉफी नको, वासाचा साबण नको. आणि दुर्गंध कुठला, कुणाच्या दारातला, हे त्या सहा जणांना सांगायचं नाही.

माझ्या भावाला, आ-फूला, हे ऐकून कोण आनंद झाला. देवळासमोर चहा प्यायला बसणाऱ्या झाडून सगळ्यांना त्यानं सांगितलं, "आमच्या आ-छिंगचं नाक आता सरकारी झालं."

आ-फू डुकरं पाळतो. बायको लवकर गेली, तेव्हापासून मी त्याच्याकडेच राहते. पोरीला मीच वाढवलं. शाळेत तिच्या शेजारी कुणी बसायचं नाही. पोरं नाक धरून ओरडायची, "आली, आली!" बाईंनी तिची जागा खिडकीपाशी केली. मी तिचा गणवेश घराच्या आत वाळवायची, कपाटात पपनसाच्या वाळक्या साली ठेवायची, पण वास काही जायचा नाही. ती आपले हात घासघासून लाल करायची आणि बापाला एका शब्दानं काही बोलायची नाही. मला वाटायचं, किती समजूतदार पोर आहे. समजूतदार कसली, आतल्या आत कुढत होती.

खरं तर गावात वासाची घरं दोन. एक आमचं, आणि दुसरा उसाच्या शेतापलीकडचा खताचा कारखाना. आ-छिंग पहिलीत गेली त्याच वर्षी तो सुरू झाला. कोंबड्यांची विष्ठा आणि कत्तलखान्यातली घाण आणून तिथे शिजवतात. दक्षिणेचा वारा सुटला की जेवण घशाखाली उतरत नाही. पण लहान पोराला काय कळणार, यात भट्टीचं किती आणि बापाचं किती? अंगाला वास येतो, बाप डुकरं पाळतो, पोरं डुकरांवरून चिडवतात. तिनं हिशेब केला आणि तो कायमचा मनात धरून ठेवला.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी ती एक चित्र काढून घेऊन आली. डुकरांच्या घाणीच्या खड्ड्यावर तांबड्या जाड प्लास्टिकचा मोठा फुगा बसवायचा, आत गॅस धरतो, तो पिलांच्या खोलीत जाळून ऊब करायची, उरलेलं पाणी शेताला सोडायचं. आ-फूनं चित्रात होतं तसंच्या तसं केलं. देव्हाऱ्याची निगा ठेवणार नाही एवढी त्यानं त्या फुग्याची ठेवली. गोठ्याचा वास खरंच गेला. पण पोरगी यायची ती फक्त नवीन वर्षाला. तेव्हा सणाच्या सुट्टीमुळे कारखाना बंद, वारा थंडीतला, उत्तरेचा. आ-फू तिला गोठ्यापाशी नेऊन विचारायचा, "बघ, येतो का वास?"

"थंडी आहे ना बाबा, म्हणून येत नाही," ती म्हणायची आणि घरात निघून जायची. स्वतःच्या हातचं पहिलं काम, आणि त्यावर स्वतःचाच विश्वास नाही.

तिकडे तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की वडील तांदळाचे व्यापारी आहेत. मी एकदा पेरू घेऊन तिच्या खोलीवर गेले होते, तेव्हा तिच्या मैत्रिणीनं मला विचारलं, "काकांचं तांदळाचं दुकान गावातच आहे का?" आ-छिंग माझ्याकडे अशी बघत राहिली की मी म्हटलं, "हो, गावातच." परतीच्या बसमध्ये मला भावाचं तोंड आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

पदवीदान समारंभाच्या वेळी तिनं बापाला फोन केला, "पाहुण्यांना जागा फार कमी आहेत." आ-फू म्हणाला, "हरकत नाही, डुकरीण व्यायला झालीय, मला तसंही जमलं नसतं." आणि त्या दिवशी सकाळी हा गडी लिंबाचा साबण लावून तीनदा न्हाला, नवे बूट घातले आणि गेला. संध्याकाळी फुलांचा गुच्छ तसाच घेऊन परत. गुच्छ बायकोच्या फोटोपुढे ठेवला. मला म्हणाला, "ताई, गर्दी फार होती. सापडलीच नाही. तू तिला काही बोलू नकोस." मी नाही बोलले.

या वर्षी कारखान्यानं कहर केला. म्हाताऱ्या माणसांना धाप लागायला लागली, शाळेत पोरं खिडक्या लावून बसायला लागली. तक्रारी आधीही झाल्या होत्या, पण तपासणीवाले यायचे त्या दिवशी नेमकी भट्टी थंड असायची. या वेळी आ-फूनं पुढाकार घेतला. लेकीच्या जुन्या वह्या चाळून तो सगळ्यांना शहाणपण शिकवायला लागला, "वारा बघून हवा घ्यायची असते. असं केव्हाही येऊन चालत नाही." तपासणीची माणसं आली त्या दिवशी तो सकाळपासून त्यांच्याबरोबर कारखान्याच्या कुंपणापाशी उन्हात उभा राहिला. त्यांना चहा दिला, केळी दिली, जाऊ म्हणून दिलं नाही. वारा फिरला, भट्टीचा लोट आला, तेव्हा त्यांनी पिशवीत हवा भरली. आ-फूनं तिथूनच लेकीला फोन लावला.

ती ऑफिसातल्या मंडळींबरोबर डबा खात होती. आमचा आ-फू फोनवर बोलतो म्हणजे ओरडतोच, आणि तेही गावच्या बोलीत. "आ-छिंग! हवा घ्यायला आले होते गं आपल्याकडे! वासाची तक्रार होती ना! कुंपणापाशी उभं राहून पिशवी भरली—"

बाजूच्या दोघी तिच्याकडे बघायला लागल्या. तिनं शहरी भाषेत, अगदी परक्या माणसाशी बोलावं तसं उत्तर दिलं, "मी आता मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलते." आणि फोन ठेवला. नंतर काही केला नाही. वासाची तक्रार, आपल्याकडे, कुंपणापाशी पिशवी भरली, एवढंच तिच्या कानावर पडलं होतं. बाकीचं तिचं तिनं जुळवलं.

दुसऱ्या दिवशी वासाच्या खोलीतल्या एकाला सर्दी झाली. तिचे साहेब, को म्हणून आहेत, ते तिला पूर्ण नावानं हाक मारतात. ते म्हणाले, "युन-छिंग, तू परीक्षा पास आहेस ना? आज सहावी तू बस." आली पिशवी. पिशवीवर नुसता क्रमांक. तिनं नाक लावलं आणि तिला आमच्या घराचा वास आला. नंतर ती मला म्हणाली, "आत्या, डोळे मिटले असते तर मला तुझी चूल दिसली असती. माझं दप्तर दिसलं असतं."

शेजारी वेई-त्सू नावाचा एक टवाळ मुलगा बसला होता. तो ओरडला, "आई गं! कुणाचा आजा कुजतोय हा?" सगळे हसले. आमची आ-छिंग सगळ्यांत मोठ्यानं हसली. हे सांगताना तिला रडू आवरेना.

तेव्हाच उठून 'ही हवा माझ्या गावची आहे, मला बसता येणार नाही' असं सांगायचा नियम होता. तो तिला तोंडपाठ होता. पण उठायचं म्हणजे बापाचा धंदा सांगायचा. ती बसून राहिली. वास पातळ केला, तिनं पिशवी बरोबर दाखवली. आणखी पातळ केला, बाकीची नाकं चुकायला लागली, तिचं नाही. आणखी पातळ. तरीही तिचं बोट बरोबर पिशवीवर. तेव्हा वेई-त्सू म्हणाला, "काय गं, डुकरांच्या गोठ्यात जन्मलीस का तू?"

त्याच्या मनात काही नव्हतं. जीभ सैल, एवढंच. पण पुढच्या खेपेला दुसऱ्या पिशवीत वास आहे हे स्वच्छ कळत असताना आ-छिंगनं तिसरीवर बोट ठेवलं. को साहेबांनी विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "आता नाही कळत, साहेब." सहाही नाकांचा मिळून आकडा निघाला तो मर्यादेच्या किंचित खाली. अगदी काठावर.

निकाल आमच्या गावात आला तो सरपंच तेंग यांच्या कर्ण्यावरून. आमच्याकडे गॅस सिलिंडरच्या गाडीपासून लसीकरणापर्यंत सगळं त्या कर्ण्यावरूनच कळतं. एक खांब तर आमच्या गोठ्याच्या मागेच आहे. सरपंच आधी खाकरले, मग म्हणाले, "मंडळी, खताच्या कारखान्याच्या हवेचा निकाल आला आहे. वास मर्यादेत आहे. तेव्हा यापुढे कुणी कारखान्याला नावं ठेवू नयेत."

त्या संध्याकाळी देवळासमोर आ-फू चहाला गेला. लसूणवाला म्हातारा त्याला म्हणाला, "काय रे, सरकारनं सांगितलं कारखान्याचा वास नाही. मग गावात राहिलं कोण वास मारणारं?"

दुसरा म्हणाला, "आपला वास सोडून दुसऱ्याच्या वासाला नाक मुरडायला निघाला होता हा."

आ-फू चहा तसाच ठेवून घरी आला. सबंध गोठा धुतला. धुतलेला परत धुतला. मग ओसरीत बसून स्वतःच्या बाहीचा वास घेत राहिला. मी म्हटलं, "अरे, त्या मेल्यांच्या नादी काय लागतोस? ज्यांनी पिशव्या हुंगल्या त्यांचीच नाकं सडलेली असणार."

"तसं बोलू नकोस ताई," तो म्हणाला. "आ-छिंगसारखीच माणसं असतात ती. शिकलेली. लसूणसुद्धा खात नाहीत. ती कशाला खोटं सांगतील? माझाच असणार वास. सवयीनं आपल्याला कळत नाही."

आणि त्यानं डुकरांच्या व्यापाऱ्याला फोन केला. डुकरिणींपासून पिलांपर्यंत सगळी घेऊन जा म्हणाला.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी आ-छिंगला फोन लावला. "मीटिंगमध्ये असलीस तर मीटिंगीला आग लाव. तुझा बाप डुकरं विकतोय."

"का?" ती घाबरून म्हणाली. "निकाल तर मर्यादेत आला ना?"

मी विचारलं, "कारखान्याचा निकाल तुला कुणी सांगितला?"

 मग अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं, "कुठला कारखाना, आत्या?"

ती त्याच दुपारी आली. मी स्कूटर घेऊन बसथांब्यावर गेले. दक्षिणेचा वारा होता. बसमधून उतरली आणि वास आला तशी ती जागच्या जागी थांबली. मग स्कूटरवर बसली. घरी आल्यावर सरळ गोठ्याकडे गेली. आ-फू व्यापाऱ्याला आणायला हमरस्त्याला गेला होता. गोठ्यात ओलं सिमेंट, कोंडा आणि डुकरांच्या अंगाची ऊब, बस, एवढाच वास. ती फुग्यापाशी गेली. सायकलच्या पंक्चरला लावतात तसली ठिगळं लावून आ-फूनं तो जपला होता. तिनं वाकून अगदी कडेला नाक लावलं. मग उसाच्या बांधावरून कारखान्याच्या कुंपणापर्यंत चालत गेली. मी मागोमाग. कुंपणापाशी तिनं एकदा श्वास घेतला आणि मातीतच बसली.

"हाच," ती म्हणाली. "पिशवीत हाच होता. लहानपणापासून हाच होता."

तिथे बसून तिनं मला सगळं सांगितलं, जे मी तुम्हांला आत्ता सांगितलं. ऐकताना माझा हात उठला होता. मग मला ते तांदळाचं दुकान आठवलं आणि हात आपोआप खाली आला.

"बापाला वाचवायला केलंस ना?" मी विचारलं. हो म्हणावं असं मला फार वाटत होतं.

"मीही स्वतःला तेच सांगत होते, आत्या. पण नाही. तेव्हा मला बाबा आठवलेसुद्धा नाहीत. यांना कळता कामा नये, एवढंच मनात होतं."

तिनं तिथूनच को साहेबांना फोन लावला. चुकून नाही, जाणूनबुजून खोटी पिशवी दाखवली, आणि गाव माझं आहे, असं सांगितलं.  साहेब म्हणाले, "निकाल मागे घ्यावा लागेल. वरती कळवावं लागेल. उद्या ये, प्रमाणपत्र घेऊन ये. इथून पुढे तुझ्या नाकाचं कुणी खरं धरणार नाही, युन-छिंग. तुझी नोकरी राहील का, तेही मी सांगू शकत नाही." ती "हो" म्हणाली, "हो साहेब" म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "सरपंचांकडे चल."

सरपंच माइक द्यायला तयार नव्हते. "अगं, निकाल लागलाय तो लागलाय. पुन्हा हवा घ्यायला आले तर भट्टी गरम सापडेल याची काय खात्री? कशाला गावात शोभा करून घेतेस?"

"माझीच करायची आहे, काका," ती म्हणाली. मी सरपंचांकडे नुसतं बघितलं. माझं बघणं ते लहानपणापासून ओळखतात. त्यांनी बटण दाबलं.

ती गावच्या बोलीत बोलली. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून ती बोली ऐकली नव्हती, मध्येमध्ये अडखळत होती. "मी आ-फूंची आ-छिंग. कारखान्याची हवा हुंगायला सहा जण बसले होते, त्यात मी होते. मला वास येत होता, पण मी येत नाही म्हणून सांगितलं. मला वाटलं तो आमच्या गोठ्याचा आहे, आणि मी त्या गोठ्यातली आहे हे ऑफिसात कळेल, याची मला लाज वाटली. आमच्या गोठ्याला वास नाही. मी आत्ता बघून आले. वास कारखान्याचाच आहे. माझ्या बाबांना कुणी काही म्हणू नका."

बाहेर रस्त्यावर सायकलवरचा एक माणूस पाय टेकवून उभा राहिला होता.  मी तिला स्कूटरवर घालून घरी आणलं. रस्ताभर ती माझ्या पाठीत तोंड खुपसून बसली होती.

व्यापाऱ्याचा ट्रक दारात होता, पण रिकामा. व्यापारी केबिनमध्ये बसून नखं कुरतडत होता, आम्हांला बघून त्यानं मान वळवली. आ-फू गोठ्यामागे कर्ण्याच्या खांबाखाली उलट्या बादलीवर बसला होता. पोरगी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली, खाली मान घालून, शाळेत उभं करतात तशी.

"बाबा, शिव्या द्या मला."

त्यानं शिव्या दिल्या नाहीत. नोकरीचं विचारलं नाही, कारखान्याचंही नाही. बाही नाकाशी नेऊन हुंगली.

"म्हणजे वास माझा नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता, बाबा. कधीच नव्हता."

"शाळेतसुद्धा?"

"शाळेतसुद्धा."

त्यानं मान हलवली. मग हळूच, स्वतःशी बोलल्यासारखं विचारलं, "मग त्या दिवशी कॉलेजच्या फाटकाच्या आत आलो असतो तरी चाललं असतं?"

"कुठल्या दिवशी?" आ-छिंगनं विचारलं, आणि माझ्याकडे बघितलं.